सिरोसिसच्या पुढच्या टप्प्यातील रुग्णाची उपशामक काळजी: कोणते काम आधी, कोणते नंतर

लिव्हर सिरोसिसच्या, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत जाण्याच्या आजाराच्या, रुग्णाच्या पोटात पाणी भरू लागले, कावीळ दिसू लागली, रक्ताची उलटी झाली किंवा एकदा जरी भ्रम झाला, तर आजार पुढच्या टप्प्यात गेला असे समजावे. डॉक्टर याला डीकम्पेन्सेटेड सिरोसिस म्हणतात. यकृताचे प्रत्यारोपण झाले नाही, तर या टप्प्यानंतर निम्मे रुग्ण साधारण दोन वर्षांच्या आत दगावतात. उपशामक काळजी, म्हणजे रुग्णाचा त्रास कमी करण्यासाठीची पॅलिएटिव्ह केअर, याच दिवसापासून सुरू व्हायला हवी. प्रत्यक्षात बहुतेक घरे ती शेवटच्या आठ दिवसांत शोधू लागतात आणि तोपर्यंत ज्याच्यासाठी ती हवी, तो बोलण्याच्या स्थितीत नसतो. कर्करोगाचा रुग्ण अनेकदा अखेरपर्यंत भानावर असतो, पण यकृताच्या रुग्णाचे भान मधूनच जाते, परत येते, पुन्हा जाते. म्हणून येथे कामांचा क्रम फार महत्त्वाचा आहे. खाली दिलेला क्रम शक्यतो मोडू नये. औषधांची मात्रा मात्र दर वेळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.

१. काळजी कधी सुरू करायची आणि कोणाकडे मागायची

वर सांगितलेल्या चारपैकी एक लक्षण दिसले की पुढच्याच भेटीत डॉक्टरांना तीन प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावेत. आजार कोणत्या टप्प्यात आहे? प्रत्यारोपण शक्य आहे का, आणि नसेल तर का नाही? येत्या सहा महिन्यांत काय काय होऊ शकते? उत्तरे वहीत लिहून घ्यावीत, कारण दवाखान्यातून बाहेर पडेपर्यंत घरातल्या प्रत्येकाच्या लक्षात वेगवेगळे राहिलेले असते.

उपशामक काळजी घेतली की उपचार बंद होतात, हा समज चुकीचा आहे. विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत नाव असलेल्या रुग्णालाही ती घेता येते आणि घ्यावी. यादीतला काळ अनिश्चित असतो आणि त्रास मात्र रोजचा असतो.

सेवा शोधताना जिल्हा रुग्णालयातील उपशामक कक्षापासून सुरुवात करावी. आपल्याकडची बरीच उपशामक केंद्रे केवळ कर्करोगाच्या रुग्णांसाठी उभी राहिली आहेत, म्हणून रुग्णाला गाडीत घालून नेण्यापूर्वी ‘यकृताचा रुग्ण घेता का’ एवढे फोनवर विचारून घ्यावे. जवळ असे केंद्र नसेल, तर घरी येऊ शकणारा फॅमिली डॉक्टर आणि फोनवर उपलब्ध असणारा यकृततज्ज्ञ यांची एकमेकांशी गाठ घालून द्यावी. हे काम घरच्यांनाच करावे लागते.

*सावध:* ‘दारूमुळे झाले आहे, आता भोगू दे’ ही भाषा घरात होऊ देऊ नये. सिरोसिस हिपॅटायटिस बी आणि सी, मधुमेहासोबतचे फॅटी लिव्हर अशा कारणांनीही होतो. दारूमुळे झाला असला तरी दोष दिल्याने रुग्ण लक्षणे लपवू लागतो, आणि लपवलेल्या लक्षणावर कोणालाच उपचार करता येत नाहीत.

२. भान आहे तोवर बोलणे आणि कागद पूर्ण करणे

बहुतेक घरे ही पायरी शेवटी ठेवतात. ती पहिल्या महिन्यातच पूर्ण व्हायला हवी. एकदा भ्रम होऊन गेला असेल, तरी तो उतरल्यावर रुग्ण पुन्हा विचार करून सांगू शकतो. ती संधी वाया घालवू नये.

बोलणे सकाळी, पोट साफ झाल्यावर, दोन किंवा तीन माणसांतच करावे. ‘तुमची शेवटची इच्छा काय’ असे विचारू नये. त्याऐवजी असे विचारावे: ‘तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?’ ‘पुन्हा आयसीयूत न्यायची वेळ आली तर न्यावे का?’ ‘तुम्हाला बोलता आले नाही, तर तुमच्या वतीने कोणी ठरवावे?’ तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरच्यांना अपेक्षित असते तेच येते असे नाही. थोरल्या मुलाऐवजी रोज पथ्यपाणी पाहणाऱ्या सुनेचे नाव आलेले मी ऐकले आहे. ते नाव तसेच लिहून घ्यावे.

यानंतर आगाऊ वैद्यकीय निर्देश, म्हणजे भान गेल्यावर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणारा कागद, करावा. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात या निर्देशाला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सोपी केली. त्यानुसार क्रम असा आहे:

- रुग्णाने स्वतःच्या इच्छेने, पूर्ण भानावर असताना, कोणते उपचार नकोत आणि कोणत्या परिस्थितीत नकोत हे स्पष्ट लिहावे. ‘जास्त त्रास देऊ नका’ एवढे मोघम वाक्य उपयोगाचे नाही. व्हेंटिलेटर, डायलिसिस, छाती दाबून हृदय सुरू करणे, या प्रत्येकाचा वेगळा उल्लेख असावा.
- आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्यांची नावे लिहावीत. एकाहून अधिक नावे देता येतात.
- दोन साक्षीदारांसमोर सही करून कागद नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावा. पूर्वीप्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे लागत नाही.
- एक प्रत नाव दिलेल्या व्यक्तींना, एक फॅमिली डॉक्टरांना आणि एक महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यावी.

वेळ येईल तेव्हा रुग्णालयातील प्राथमिक आणि दुय्यम अशी दोन वैद्यकीय मंडळे या कागदाचा विचार करतात, आणि प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावे अशी अपेक्षा आहे. म्हणजे कागद असला तरी वेळ लागतो, हे घरच्यांना माहीत असावे.

*तपासा:* सही करण्याच्या दिवशी रुग्णाला तारीख, ठिकाण आणि समोरची माणसे ओळखता येत आहेत का? त्या दिवशी भान ठीक असल्याचे डॉक्टरांकडून लिहून घेतल्यास पुढचा वाद टळतो.

३. घर तयार करणे आणि औषधांचा डबा रिकामा करणे

पाच वस्तू आणाव्यात: वजनकाटा, रक्तदाब मोजायचे यंत्र, थर्मामीटर, मोजमापाच्या खुणा असलेला औषधाचा कप आणि भिंतीवर टांगायचे कॅलेंडर. मी पाहिलेली सर्वांत चांगली नोंद एका काकूंच्या कालनिर्णयवर होती. दुधाचा हिशेब लिहायच्या चौकटीत त्या रोज तीन आकडे लिहायच्या: सकाळचे वजन, शौचाला किती वेळा झाले आणि रक्तदाब. डॉक्टरांनी ते पान फोनवर पाहून दोन मिनिटांत औषध बदलले.

मग घरातील सगळी औषधे एका ताटात ओतावीत आणि पुढील गोष्टी बाजूला काढाव्यात:

- डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अॅसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड आणि त्यांच्या मिश्र गोळ्या. या वेदनाशामकांमुळे सिरोसिसच्या रुग्णाची किडनी काही दिवसांत निकामी होऊ शकते आणि रक्तस्रावही होतो. गुडघेदुखीसाठी शेजाऱ्याने दिलेल्या एका पाकिटाने महिनाभराची मेहनत वाया जाते.
- झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या. अल्प्राझोलॅम, डायझेपाम यांसारख्या गोळ्यांनी भ्रम ओढवतो.
- काविळीची झाडपाल्याची औषधे, यकृताची म्हणून विकली जाणारी चूर्णे आणि काढे. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर वाद झाला, परंतु ज्याच्या यकृतात शिल्लकच थोडी आहे, त्याच्यावर असा प्रयोग करू नये असे माझे ठाम मत आहे.

*सावध:* प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्वेडिलॉल (फुगलेल्या शिरांतला दाब कमी करणाऱ्या गोळ्या) चालू असेल आणि रक्तदाबाचा वरचा आकडा ९० च्या खाली येत असेल, तर पुढची गोळी देण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करावा.

४. भ्रम रोखणे: लॅक्टुलोजची बाटली नीट वापरणे

सर्वाधिक चुका याच पायरीवर होतात. आजारी यकृताला आतड्यातून येणारा अमोनिया निकामी करता येत नाही, तो मेंदूपर्यंत पोचतो आणि माणूस आधी गोंधळतो, मग गुंगीत जातो. लॅक्टुलोज हे पातळ औषध आतड्यातला अमोनिया बाहेर काढते. ते बद्धकोष्ठासाठी दिलेले नसते, त्यामुळे ‘आज पोट साफ झाले, आता नको’ असे म्हणून थांबवायचे नसते.

दिवसातून दोन ते तीन वेळा मऊ शौचास व्हावे, एवढे उद्दिष्ट ठेवावे. मात्रा या आकड्यावरून कमी-जास्त करायची असते. दुपारपर्यंत एकदाही झाले नाही, तर जास्तीचा डोस किती द्यायचा, आणि चारहून अधिक पातळ जुलाब झाले, तर पुढचा डोस टाळायचा का, हे दोन्ही डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. जुलाब वाढल्याने शरीरातले पाणी आणि क्षार कमी होतात आणि त्यानेही भ्रम होतो. म्हणून ‘जास्त दिले तर जास्त चांगले’ हेही खरे नाही. लॅक्टुलोज असूनही भ्रम पुन्हा झाला, तर रिफाक्झिमिन हे आतड्यात काम करणारे प्रतिजैविक जोडता येईल का, हे विचारावे.

भ्रम एकदम येत नाही, त्याची चाहूल लागते. दिवसा झोप आणि रात्री जाग, नेहमीच्या शब्दांसाठी अडखळणे, चिडचिड, पसरलेला हात पंखासारखा फडफडणे. रोज सकाळी रुग्णाला वहीत सही करायला लावावी. निवृत्त कारकून असलेल्या एका गृहस्थांची सही चाळीस वर्षे तशीच वळणदार होती. एका मंगळवारी तिच्या शेवटच्या अक्षराची शेपटी ओळीखाली घसरली, बुधवारी नावातले एक अक्षर गळले. पत्नीने त्याच दिवशी फोन केला आणि गुरुवारची रुग्णालयातली भरती टळली. दुसरी सोपी परीक्षा म्हणजे एका मिनिटात जितकी आठवतील तितकी प्राण्यांची नावे सांगायला लावणे. दहाहून कमी आली, तर डॉक्टरांना कळवावे.

*तपासा:* भ्रम वाढला तर कारण शोधावे. बद्धकोष्ठ, ताप, काळे शौच, उलट्या-जुलाब, लघवीच्या गोळीची जास्त मात्रा, झोपेची गोळी. ही यादी कॅलेंडरशेजारी चिकटवावी.

*सावध:* गुंगीतल्या माणसाच्या तोंडात चमच्याने लॅक्टुलोज ओतू नये, ते फुप्फुसात जाते. अशा वेळी ते एनिमाद्वारे देता येते.

५. जेवण: डाळ-दूध बंद करणे ही चूक

‘लिव्हर खराब आहे, प्रथिने बंद करा, फक्त पेज द्या’ हा सल्ला अजूनही दिला जातो आणि तो रुग्णाचे हातपाय काटक्यांसारखे करतो. स्नायू हेच अमोनिया निकामी करण्याचे दुसरे ठिकाण आहे, त्यामुळे स्नायू झिजले की भ्रम वाढतो. रोज दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, आणि येथे वजन म्हणजे पोटातले पाणी वगळून. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. डाळ, मूग, दूध, दही, पनीर, अंडी यांतून ती भागवावीत. मांसापेक्षा डाळी आणि दुधाची प्रथिने अशा रुग्णांना अधिक सोसतात.

खाण्याच्या वेळा प्रमाणाइतक्याच महत्त्वाच्या आहेत. आजारी यकृतात साखरेचा साठा राहत नाही, त्यामुळे रात्रभराची उपासमार निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासाइतकी शरीराला जाणवते. झोपण्यापूर्वी नाचणीची खीर, दूध-पोळी किंवा सातूचे पीठ असे काहीतरी द्यावेच. एकादशी, संकष्टी, शनिवार यांपैकी कोणताही उपास रुग्णाने करू नये. हे समजावण्यासाठी घरातल्या वडीलधाऱ्याची मदत घ्यावी, कारण डॉक्टरांपेक्षा त्यांचा शब्द येथे जास्त चालतो.

पोटात पाणी असेल, तर दिवसभराचे मीठ सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, सगळ्या पदार्थांत मिळून. ते सकाळीच वाटीत काढून ठेवावे. सैंधव चालते, हा गैरसमज आहे, कारण तेही मीठच आहे. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असते आणि स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीची गोळी चालू असताना ते धोकादायक ठरू शकते. याच कारणाने रोज शहाळे देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. पापड, लोणचे, फरसाण, सुकट, बोंबील यांत लपलेले मीठ वाटीतल्या मिठाहून जास्त भरते.

मात्र अळणी जेवणामुळे रुग्ण जेवेनासाच झाला, तर पथ्य सैल करावे. शेवटच्या महिन्यांत खाल्लेले चार घास पाळलेल्या पथ्याहून मोलाचे असतात, आणि वाढलेले पाणी काढता येते.

६. पोटातले पाणी वेळेवर काढणे

लघवीच्या गोळ्यांनी वजन रोज साधारण अर्धा किलोने, पायांवर सूज असेल तर एक किलोपर्यंत उतरणे योग्य. याहून वेगाने उतरत असेल, तर किडनीवर ताण येतो आहे असे समजावे.

गोळ्या पुरेनाशा झाल्या, की पाणी सुईने काढावे लागते. ‘एकदा काढले की सारखे काढावे लागते’ या भीतीने घरे थांबतात, आणि रुग्ण भरलेल्या पोटाने, न जेवता, बसून रात्र काढतो. सारखे काढावे लागते ते आजारामुळे, सुईमुळे नव्हे. दम लागेपर्यंत थांबण्यापेक्षा दर दहा किंवा पंधरा दिवसांची तारीख ठरवून घ्यावी.

एका वेळी ५ लिटरहून अधिक पाणी काढले, तर काढलेल्या प्रत्येक लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) शिरेतून द्यावे लागते. अल्ब्युमिनच्या २० टक्के द्रावणाच्या १०० मिलिलिटर बाटलीत २० ग्रॅम असते, म्हणजे ८ लिटरसाठी साधारण तीन बाटल्या. खर्च मोठा आहे, त्यामुळे शासकीय योजनेत काय बसते हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदतनीसाकडे) आधीच विचारावे. अगदी शेवटच्या आठवड्यांत, सारखे ये-जा करणे झेपत नसेल, तर पोटात कायम राहणारी बारीक नळी बसवता येईल का, हेही विचारता येते. जंतुसंसर्गाचा धोका समजून घेऊनच तो निर्णय करावा.

*सावध:* पोटात पाणी असलेल्या रुग्णाला ताप, पोटदुखी किंवा अचानक भ्रम झाला, तर पोटातल्या पाण्याला संसर्ग झाला असण्याची शक्यता असते. पाण्याची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी, उद्यावर ढकलू नये.

७. वेदना, खाज, पेटके

सिरोसिसच्या रुग्णाला वेदनाशामक काहीच चालत नाही, असे समजून त्याला कण्हत ठेवणे हा अन्याय आहे. पॅरासिटामॉल दिवसाला एकूण २ ग्रॅमपर्यंत, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्यांपर्यंत, डॉक्टरांच्या सल्ल्याने देता येते. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असते, तेही मोजावे.

वेदना त्याने भागत नसेल, तर ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या गटातली तीव्र वेदनाशामके, लागतात. यकृत आणि किडनी दोन्ही मंद असल्याने मॉर्फिन शरीरात साचते, म्हणून ते अगदी कमी मात्रेत आणि जास्त अंतराने द्यावे लागते. किडनीचे कार्य मंदावले असेल, तर फेंटानिल अधिक सुरक्षित ठरते. ट्रॅमाडॉल आणि कोडीन स्वतःहून देऊ नये. अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना मॉर्फिन ठेवणे सुकर झाले आहे, त्यामुळे ‘मिळतच नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरू नये. ओपिऑइड सुरू झाले, की लॅक्टुलोजचा हिशेब त्याच दिवशी नव्याने करावा, कारण या औषधाने बद्धकोष्ठ होते आणि बद्धकोष्ठाने भ्रम.

काविळीच्या खाजेवर कोलेस्टिरॅमिन, सर्ट्रालिन अशी औषधे आहेत. सौम्य साबण, खोबरेल तेल आणि कापलेली नखे यांनीही फरक पडतो. रात्रीच्या पेटक्यांबद्दल रुग्ण आपणहून सांगत नाही, विचारावे लागते.

*दर रविवारी तपासा:* या आठवड्यात वेदना किती, हे रुग्णाला शून्य ते दहा अशा आकड्यात विचारले का? पाणी काढायला ठरल्यापेक्षा उशीर झाला का? कोणत्या रात्री झोप लागली नाही? काळजी घेणारी व्यक्ती सलग सहा तास झोपली का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर दोन आठवडे ‘नाही’ असेल, तर रात्रपाळी वाटून घ्यावी.

८. रक्तस्राव आणि शेवटचे दिवस

अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची मोठी उलटी होऊ शकते. अशा वेळी काय करायचे हे दुसऱ्या पायरीतच ठरलेले असावे. उपचार करायचे ठरले असेल, तर १०८ ला फोन करून एंडोस्कोपीची सोय असलेल्या रुग्णालयात थेट न्यावे. आता रुग्णालय नको असे ठरले असेल, तर मरून किंवा गडद निळ्या रंगाचे टॉवेल आणि चादर उशाशी तयार ठेवावी. पांढऱ्या कापडावरचे रक्त पाहून रुग्ण आणि घरचे दोघेही घाबरतात. त्याला कुशीवर वळवावे, एकाने हात धरून बसावे. अशा प्रसंगी भीती शमवण्यासाठी द्यायचे औषध, बहुधा मिडाझोलॅम, कोणी आणि कसे द्यायचे हे डॉक्टरांकडून आधी शिकून घ्यावे. एरवी टाळायचे हे औषध येथे योग्य ठरते.

गिळणे बंद झाले, की तोंडावाटे औषधे थांबवून वेदना आणि अस्वस्थतेची औषधे त्वचेखालून देण्याची सोय मागावी. गंगाजल आणि तुळशीपत्राची रीत पाळायची असेल, तर कापसाच्या बोळ्याने ओठ ओले करावेत आणि पान ओठांवर ठेवावे, घशात पाणी सोडू नये.

घरी मृत्यू झाल्यास वैद्यकीय कारणाचे प्रमाणपत्र, नमुना ४-अ, उपचार करणारे डॉक्टर देतात. नोंदणी २१ दिवसांत करावी लागते, पण प्रमाणपत्राशिवाय स्मशानात अडचण येते. रात्री दोन वाजता कोणते डॉक्टर येतील, हे त्यांना आधी विचारून त्यांचा नंबर कपाटाच्या दारावर, कॅलेंडरच्या शेजारी, मोठ्या अक्षरांत लावून ठेवावा.